तळ्यावरची साय

आमच्या घरी दुधावरच्या सायीला मलई म्हणतात. आमच्या भागात बोलण्यात हिंदी शब्दांची कमी नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून माझी बायको साय हाच शब्द वापरायची. एका उन्हाळ्यात तिने तो सोडला, आणि आमच्या मुली तो न शिकताच मोठ्या झाल्या.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. आमचं गाव सिंदेवाहीपासून इतक्या अंतरावर, की सकाळी सायकलने जाऊन कामं उरकून माणूस जेवायला घरी परत येई. मी गावाबाहेरच्या भात गिरणीत काट्यावर होतो. धान आत येताना तोलायचं, तांदूळ आणि कोंडा बाहेर जाताना तोलायचा. या कामाने माणसाला एक खोड लागते. कोणी अंदाजाने बोललं की कान टवकारतात. माझं घर बौद्ध मोहल्ल्याच्या टोकाला होतं, आणि आमच्या कुडाच्या पलीकडे ढिवर मोहल्ला, मासेमारांचा, सुरू व्हायचा.

कुडाला लागून पहिलं घर मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाचं. अध्यक्ष असला तरी त्याची खुर्ची म्हणजे त्याची होडी, त्याचा डोंगा. मी त्याला भाऊ म्हणत असे आणि तो मला काटेबाबू. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगाने सुकट, पण पाण्यात उतरला की वेगळाच माणूस. गावाचं तळं सोसायटीकडे ठेक्याने होतं. ढिवर मोहल्ल्यातल्या कोणाकडेही सांगण्यासारखी शेती नव्हती. तळ्यात मासोळी असेल तर मोहल्ला होता, नसेल तर नव्हता.

नसेल तर काय, हेही सगळ्यांना माहीत होतं. भाऊचा साळा माजरीला कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे होता. दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, आला की स्वच्छ शर्ट घालून भाऊच्या ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, "भाटवे, चला ना जी आमच्याकडं. काय ठेवलं हाये या चिखलात?"

भाऊचं उत्तर ठरलेलं. "जमिनीच्या खाली मानूस एकडावच जाते गा. तेबी चौघांच्या खांद्यावर. रोज रोज कोन जाईन?"

साळा हसायचा, भाऊही हसायचा. भाऊची बायको हसत नसे. ती टोपल्यात मासे घेऊन बाजार करायची, आणि बाजारात कोणत्या वर्षी टोपलं किती हलकं झालं ते तिला ठाऊक असे.

तळं मालगुजाराच्या काळातलं. बांधाच्या पाळीवर मोहाची आणि चिंचेची झाडं. तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी जायचं. वरच्या अंगाला गुरं उतरायची, पूर्वेच्या कोपऱ्यात धुण्याचे दगड होते. पिण्याचं पाणी मात्र पाळीखालच्या विहिरीचं. आमच्याकडे एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोसायटी पहिल्यांदा मोठं जाळं ओढायची. त्याला पहिली ओढ म्हणत. पहिल्या ओढीची मासोळी बाजारात जात नसे. ती गिरणीच्या काट्यावर यायची, मी तोलायचो, आणि गावात जितकी घरं तितके वाटे पडायचे. जात पाहून वाटा कमी-जास्त होत नसे. आमच्या गावात असं दुसरं काही होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला सापडलेलं नाही.

आता शेवाळाचं सांगतो. त्याच सुमारास सिंदेवाहीच्या भात केंद्रावर शेतकऱ्यांना निळं-हिरवं शेवाळ दाखवत होते. उथळ खड्डा करायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, पाणी भरायचं, थोडं सुपर फॉस्फेट टाकायचं आणि वाळलेल्या शेवाळाचा चुरा वर भुरभुरायचा. थोड्या दिवसांत पाण्यावर जाड थर धरतो. तो वाळवून रोवणीनंतर बांधीत टाकला की धानाला युरिया कमी लागतो. आमच्या गावचे काही शेतकरी जाऊन बघून आले आणि तंबाखूच्या पुडीएवढ्या पुड्या घेऊन आले. सुरुवातीला सगळे हसले. शेवाळ काढायचं सोडून पेरायचं! पण ज्यांनी टाकलं त्यांचं धान त्या वर्षी चांगलं आलं. पाऊसही वेळेवर होता, हे मी बोलून दाखवलं, पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं. शेवाळ या शब्दाला गावात मान आला.

तळ्यातही नवीन गोष्टी चालल्या होत्या. आधी आमच्या तळ्यात मरळ, वाम, झिंगे असं जे आपोआप असे ते असे. आता रोहू आणि कतल्याचं बीज बाहेरून हंड्यांत पाण्यासकट यायचं. मासे लवकर वाढावेत म्हणून तळ्यात शेण आणि खत टाका, असाही सल्ला होता. सोसायटीने गाडीगाडीने शेण टाकलं. वरच्या शेतांतलं खत पाण्याबरोबर येत होतंच.

मग चैत सरता सरता एका सकाळी पूर्वेच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडांपाशी, पाणी हिरवं झालं. हिरवं म्हणजे रोजचं हिरवट नव्हे. कोणी ऑइल पेंटचा डबा उलटा करावा तसं. वाऱ्याने सगळा थर त्या कोपऱ्यात लोटला होता आणि त्याला वर सुरकुत्या पडल्या होत्या.

माझी बायको धुणं घेऊन गेली होती. तिनेच मला नंतर सांगितलं. ती भाऊच्या बायकोला म्हणाली, "काय वो बाई, तळ्याले रंग कोनं देल्ला?"

"रंग नोहे वो," भाऊची बायको म्हणाली. "साय धरली. आमचं तळं दुभतं हाये, तुमाले आज समजलं?"

दिवसभर गावात तोच शब्द होता. संध्याकाळी लोक पाळीवर जमले. सिंदेवाहीला जाऊन आलेल्यांपैकी एकाने ओंजळीत पाणी घेऊन बोटांनी चोळून पाहिलं आणि जाहीर केलं, की हे तेच. "तिथी पुडी पुडी देऊन राह्यले, आपल्याले तळंभर भेटलं!"

भाऊ खूश होता. पाणी जाड झालं म्हणजे मासोळीला खायला झालं, असा त्याचा हिशेब. मी विचारलं, "भाऊ, खड्ड्यातलं शेवाळ आणि हे एकच, हे कोणी पाहिलं?"

"काटेबाबू," तो म्हणाला, "तुमी त मायच्या दुधालेबी काट्यावर ठेवसान."

लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी कोतवालाने डफडं वाजवून सांगितलं, की सायीच्या कोपऱ्यात गुरं घालू नयेत, पोरांनी दगड मारू नयेत, थर मोडू नये. पाळीपाळीने राखणही बसली. हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या गावाने शेवाळाची राखण केली. ज्या गावात कोणी चोरांच्या भीतीनेही राखण करत नव्हतं, तिथे माणसं काठी घेऊन पाण्याच्या कडेला बसली आणि सायीला जपू लागली.

थर वाढत गेला तशा बायका घमेल्यांनी तो उपसून नेऊ लागल्या. काहींनी वाळवला, काहींनी ओलाच पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, वाफ्यात, खालच्या बोडीकाठच्या भाजीत ओतला. बोडी म्हणजे छोटं तळं, आमच्या गावात अशी दोन होती. पंधरवड्याच्या आत त्या दोन्हींवर तोच रंग आला. तेव्हाही लोक म्हणाले, बरं झालं, लागण लागली. दह्याला विरजण लागल्यासारखं ते बोलत होते.

पहिल्यांदा शंका आली ती हातांना. ज्या बायकांनी घमेली भरली त्यांच्या कोपरापर्यंत लाल चट्टे उठले. माझ्या बायकोलाही उठले. तिने हळद लावली आणि गप्प राहिली, कारण सगळ्या गप्प होत्या. मग वास सुरू झाला. तो आधी ओल्या गवतासारखा होता, मग डुकराच्या गोठ्यासारखा. मग थर कडेने मरू लागला आणि जिथे मरत होता तिथे पाणी निळं झालं. कपड्याला द्यायची नीळ सांडावी तसं निळं, वर पांढरट फेस. इतकं सुंदर निळं पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या दोन म्हशी मेल्या. दोन्ही पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी प्यायल्या होत्या. गुरांचा डॉक्टर आला, त्याने पोट फाडून पाहिलं आणि काळीज खराब झालं एवढंच सांगितलं. म्हशीवाल्याने विषाचं नाव काढलं. विष कोणी टाकलं? तळ्यात गाडीगाडीने काय काय टाकणारे कोण, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एका दिवसात साय हा शब्द गावातून नाहीसा झाला आणि लोक म्हणू लागले, ढिवरांची घाण.

ज्यांनी राखण केली होती तेही म्हणू लागले. माझ्या बायकोने त्या संध्याकाळी दूध तापवलं, वरची साय चमच्याने बाजूला केली आणि मुलीला म्हणाली, "मलई खातं का?" मी तिच्याकडे पाहिलं. तिने वाटी मुलीपुढे सरकवली.

मग शेतीखात्याचे एक साहेब आले. तरुण होते आणि प्रामाणिक होते. पाणी बाटलीत भरून घेतलं, वास घेतला. म्हणाले, शेवाळाशेवाळात फरक असतो. धानातलं वेगळं, हे वेगळं. डोळ्याला सारखं दिसलं तरी हे जनावराला मारू शकतं. शेण आणि खत बंद करा, जितका थर हाताने काढता येईल तितका काढा आणि पाण्यापासून लांब पुरा. फारच झालं तर मोरचूद टाकता येतं, पण पाणी किती आहे ते मोजून, आणि एका वेळी एकाच कोपऱ्यात. सगळीकडे एकदम टाकायचं नाही. मध्ये दिवस जाऊ द्यायचे.

हाताने काढायचं काम ढिवर मोहल्ल्याने केलं. बाकी गाव पाळीवर उभं राहिलं. जुनी लुगडी जोडून, दोन्ही टोकांना माणसं उभी करून, पाण्यावरून ओढत आणायचं आणि काठावर पिळायचं. काढलेलं लांब नेऊन पुरायला गाड्या हव्या होत्या आणि गाड्या ज्यांच्या होत्या त्यांनी दिल्या नाहीत. म्हणून ढीग पाळीच्या आतल्या उतारावर पडले. एक अवकाळी सर आली आणि ते सगळं परत तळ्यात गेलं. भाऊ त्या सकाळी पाळीवर उभा राहून हसत होता. "आमी काहाडलं, वरच्यानं पुन्हा टाकलं. दोघायचीबी मजुरी बुडाली."

पंचायतीने मोरचूद आणायचं ठरवलं. पाणी मोजायचं माझ्याकडे आलं. मी भाऊच्या डोंग्यात बसलो. मला पोहता येत नाही. भाऊ बांबूने डोंगा ढकलत होता आणि मी दुसऱ्या बांबूवर हाताच्या खुणा करून खोली बघत होतो, दोरीने अंतर धरत होतो. थरातून डोंगा गेला की मागे काळं पाणी उघडं पडायचं आणि लगेच मिटायचं.

"लागते का हिसाब?" त्याने विचारलं.

"लागेल. तळ सपाट नाही, पण लागेल."

"माह्या बापानं सांगतलं होतं, या तुडुमापाशी दोन मानसं बुडतीन इतकं हाये. आता एकच बुडून राह्यला."

"गाळ भरला, भाऊ."

"गाळ नाई जी. मानसं लांब झाले." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "साहेब म्हणे कोपरा-कोपरा करा. तुमी पंचायतीत तसंच सांगजा. माही मासोळी खाली हाये. तिले पळाले जागा पायजे."

मी तसंच सांगितलं. आकडा मी दोनदा करून पाहिला होता, एक कोपरा किती, पूर्ण तळं किती, दोन्ही सांगितले. पण पऱ्हे भिजवायचे दिवस जवळ आले होते. म्हशीवाला म्हणाला, कोपऱ्या-कोपऱ्याने करायला हे काय घर सारवणं आहे? मोरचुदाची पोती आणून ठेवलेली होती. कोणी तरी म्हणालं, ढिवरांना मासोळीची पडली आहे, गुरं गेली तरी चालतील. भाऊ उठून उभा राहिला, आणि त्याला बोलू द्यायच्या आत हात वर झाले.

एका दिवसात सगळ्या तळ्यात मोरचूद गेलं. पोत्यांत बांधून, डोंग्याला लटकवून. ढिवरांशिवाय कोणाला डोंगा वल्हवता येत नव्हता आणि मोहल्ल्यातलं दुसरं कोणी तयार होईना, त्यामुळे भाऊनेच तो पूर्ण तळ्यात फिरवला. मी पाळीवरून पाहत होतो. त्याने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

पाणी साफ झालं. दोन दिवसांत थर फाटला, खाली बसला, आणि लोक म्हणाले, झालं. तिसऱ्या सकाळी मासोळी वर आली. आधी रोहू, तोंड पाण्याबाहेर काढून, उघडमीट करत. मग कतला. हवेसाठी. साहेबांनी नंतर समजावलं ते असं, की मेलेलं शेवाळ सडताना पाण्यातली सगळी हवा खाऊन टाकतं. औषध जास्त झालेलं नव्हतं. माझा आकडा बरोबर होता. हे मी अनेक वर्षं स्वतःशी म्हणत आलो आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. दुपारपर्यंत तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. मरळ सगळ्यात शेवटी गेली, ती चिवट असते.

मी गिरणीत होतो. भाऊ आणि त्याची बायको दोन टोपली घेऊन आले. गिरणीतले हमाल नाकाला पंचा लावून बाजूला झाले.

"तोला बाबू," भाऊ म्हणाला.

"काऊन भाऊ?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"पयली ओढ हाये ना. यंदा जाळं टाकायची गरज नाई पडली."

मला वाटलं तो हसेल. त्याने टोपलं काट्यावर ठेवलं. त्याची बायको म्हणाली, "तोला जी. नाई त रातभर इथीच बसन हा." मी तोललं. मोठ्याने आकडा सांगायची रीत होती, तो सांगितला. वाटे पाडायला कोणी नव्हतं. भाऊने टोपलं परत डोक्यावर घेतलं आणि ते दोघं पाळीच्या बाजूला निघून गेले. सगळी मासोळी खड्डा करून पुरली. त्या कामाला मात्र गाड्या मिळाल्या.

त्या पावसाळ्यात तळं भरलं. पाणी चांगलं दिसत होतं. सोसायटीकडे नवीन बीज टाकायला काही उरलं नव्हतं. तरी भाऊने माजरीचं नाव काढलं नाही. त्याची सासुरवाडी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीकडच्या जंगलात. तिथल्या तळ्यावर त्याच्या सासऱ्याच्या लोकांचा हक्क होता. तो आणि मोहल्ल्यातले आणखी काही जण जाळी घेऊन हिवाळ्यात तिकडे गेले, अर्धेलीने मासोळी मारली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आले. भाऊ जरा भरल्यासारखा दिसत होता. आमच्याकडे वाळलेले झिंगे पाठवले.

वैशाखात निरोप आला. तिकडच्या तळ्यावर थर आला होता. तसाच, पेंटसारखा. त्या लोकांनी त्याला आमच्या गावाचं नाव दिलं होतं. पाण्याकाठी कुठेही उगवणाऱ्या झुडपाला जसं सगळे बेशरम म्हणतात, तसं ते लोक त्या घाणीला आमच्या गावाच्या नावाने ओळखू लागले. निरोप भाऊच्या सासऱ्याचा होता आणि त्यात एवढंच होतं, की जावईबापूंनी यावं, पाहुणचार घ्यावा, पण जाळं आणू नये.

भाऊने ते जाळं घेतलं आणि गिरणीत आला. आमच्याकडे उकडा तांदूळ होत असे, त्यासाठी धान उकडायच्या मोठ्या टाक्या होत्या. एक टाकी त्या दिवशी रिकामी होती. गिरणीमालक बाहेरगावी होता. भाऊ म्हणाला, "यात उकडू द्या. उकडल्यावर त जितं राहीन का काई?"

आम्ही जाळं उकडलं. नायलॉनचं होतं. बाहेर काढलं तेव्हा फासे आकसले होते, काही ठिकाणी गाठी एकमेकांत बसल्या होत्या. त्याने ते कुडावर वाळत घातलं. माझी बायको म्हणाली, "भाऊ, आता यात मासोळी नाई येत." तो म्हणाला, "मासोळीसाठी नोहे वहिनी. दाखवासाठी हाये."

तो ते उकडलेलं जाळं घेऊन सासुरवाडीला गेला. तिथल्या पंचांनी जाळ्याला हात लावला नाही. वाटेत दोन गावं लागतात, तिथल्या ढिवरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या पाळीवरून जाऊ नका, नदीच्या वाटेने जा. येताना तो नदीच्या वाटेनेच आला. जाळं त्याच्याजवळ नव्हतं.

आमच्या तळ्यावर त्या उन्हाळ्यात थर पुन्हा आला. राखण बसली नाही, मोरचूद आलं नाही, सभाही झाली नाही. बायकांनी धुणं हापशीवर न्यायला सुरुवात केली. पाळीवरून जाताना लोक नाकाला पदर लावायचे. एवढंच आमचं व्यवस्थापन.

दिवाळीनंतर, मंडई व्हायच्या आधीच, भाऊ माजरीला गेला. साळ्याचा शर्ट त्याला बसत नव्हता तरी तो घालून गेला. मोहल्ल्यातली आणखी घरं पुढच्या दोन वर्षांत निघाली. काही माजरीला, काही ऊर्जानगरला वीज केंद्राच्या ठेकेदारांकडे. कुडाच्या पलीकडे भिंती राहिल्या, मग पावसाने त्याही बसल्या. डोंगा पाळीवर उलटा पडून होता. सरपणाला कोणीतरी नेला.

काही वर्षांनी माझ्या मोठ्या मुलीचं लग्न ऊर्जानगरला झालं. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा बस बदलून माजरीला गेलो. भाऊ खोलीत होता. रात्रपाळी करून आला होता. मला बघून उठला, आणि बायकोला म्हणाला, "काटा आला वो, सांभाळून बोल."

त्याला पंपावर काम होतं. खाणीत साचणारं पाणी उपसायचं. मी म्हटलं, "म्हणजे पाण्यातच आहात."

"पान्यातच," तो म्हणाला. "साफ पानी हाये बाबू. निळं. तळ दिसते. काईच नाई त्यात."

त्याच्या बायकोने मासोळी केली होती. बाजारात बर्फात येते ती, आंध्राकडची. तिने विकत आणली होती. ती वाढताना म्हणाली, "चव नाई, पन मासोळी म्हणायची." भाऊने रस्सा भातात कालवला आणि मासोळीचा तुकडा ताटाच्या कडेला तसाच ठेवला.

हात धुतल्यावर त्याने विचारलं, "तळ्यावर?"

"येतं. दर उन्हाळ्यात."

"माह्या सासऱ्याकडं?"

"तिकडेही येतं, असं ऐकलं."

त्याने पंचाला हात पुसले. मग म्हणाला, "तुमी हिसाबी मानूस. सांगा मले. माह्या जाळ्यानंच गेलं का ते तिकडं?"

मी त्या साहेबांना नंतर हे विचारलं होतं, ते त्याला सांगितलं. असं शेवाळ पुष्कळ पाण्यांत थोडं थोडं असतंच. खत मिळालं, ऊन मिळालं की वर येतं. तिकडेही लोक शेण-खत टाकायला लागले होते. जाळ्याने गेलंच असेल असं नाही. नसेल असंही नाही. सांगता येत नाही.

"सगळीकडंच राह्यते म्हणता," भाऊ म्हणाला. "मंग मी जाऊन आल्यावरच वर काऊन आलं?"

त्याच्या बायकोने ताटं उचलली. भाऊच्या ताटातला तुकडा तिने बाहेर मांजराला टाकला. तो अजूनही माझ्याकडेच बघत होता, गिरणीत टोपलं काट्यावर ठेवून आकडा ऐकायला उभा राहायचा तसा.

बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. तो दारापर्यंत आला, बसपर्यंत आला नाही.